पत्र्याखालचा फ्रिज

प्रश्न : आम्ही बडोद्यात मांजलपूरला राहतो. घरात नवा फ्रिज आला, म्हणून जुना एकदारी फ्रिज खाली गॅरेजमध्ये ठेवला. वर पत्रे, पुढे शटर. थंडीत छान चालला. एप्रिल लागल्यापासून मात्र कॉम्प्रेसर थांबत नाही, बर्फाच्या कप्प्यात जाड थर धरतो आणि खाली ठेवलेलं दूध नासतं. नॉब शेवटच्या आकड्यावर आहे. गॅस संपला असेल का?
– एक वाचक, बडोदे

उत्तर : गॅस भरणाऱ्याला बोलवायची घाई करू नका. गॅस गळाला असता तर कप्प्याच्या एखाद्या कोपऱ्यातच बर्फ धरला असता. सगळीकडे जाड थर बसतोय, म्हणजे गॅस बहुधा शाबूत आहे. आधी नॉब मधल्या आकड्यावर आणा आणि फ्रिज बंद करून सगळा बर्फ वितळू द्या. सुरीने खरवडू नका. एक बारीक भोक पडलं की मग खरोखरच गॅस जाईल. बर्फाचा जाड थर थंडावा खालच्या कप्प्यांपर्यंत पोचू देत नाही. नॉब जितका पुढे, तितका थर जाड आणि दूध तितकं गरम, असं ते चक्र आहे.

खरं दुखणं त्या खोलीचं आहे. फ्रिज आतली उष्णता उपसून बाहेरच्या हवेत टाकतो. त्यासाठी मागची काळी जाळी हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनी जास्त तापावी लागते. बडोद्यात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि पत्र्याखाली त्याहून वर. आत ४ अंश हवेत असं धरू. स्वयंपाकघरात ३२ अंश असतील तर फरक २८ अंशांचा, गॅरेजमध्ये ४६ असतील तर ४२ अंशांचा. म्हणजे आत झिरपणारी उष्णता दीडपट, आणि ती बाहेर काढायला प्रत्येक वेळी लागणारी मेहनतही, अगदी आदर्श यंत्र धरलं तरी, दीडपट. दोन्ही मिळून काम सव्वादोन पट! कॉम्प्रेसर थांबत नाही याचं नवल नाही.

फ्रिजच्या आतल्या किंवा मागच्या पाटीवर हवामानाचा वर्ग छापलेला असतो, तो बघा. ‘एन’ म्हणजे ३२ अंशांपर्यंतच्या हवेसाठी, ‘एसटी’ म्हणजे ३८ आणि ‘टी’ म्हणजे ४३. तुमचा ‘टी’ नसेल तर उन्हाळ्यात तिथे दूध, आमरस, शिजवलेलं अन्न ठेवूच नका. पाण्याच्या बाटल्या आणि सरबतं खुशाल ठेवा. भरलेल्या बाटल्यांमुळे दार उघडल्यावर आतला थंडावा टिकतोही जास्त.

आता खोलीकडे वळू. सगळ्यात जास्त फायदा पत्र्यावर पांढरा, ऊन परतवणारा रंग दिल्याने होतो. अहमदाबादेत महापालिकेने २०१७ पासून गरीब वस्त्यांमधली छपरं पांढरी करून घेतली ती याचसाठी. दुसरं, गरम हवा वर साचते, तेव्हा शटरच्या वरच्या अंगाला लहान एक्झॉस्ट पंखा बसवा आणि खालून हवा आत यायला फट ठेवा. २५ वॅटचा पंखा दुपारचे सहा तास चालला तरी वीज ०.१५ युनिट. टेबलफॅन मात्र दिवसरात्र लावू नका. ५० वॅटचा पंखा २४ तासांत १.२ युनिट खातो, म्हणजे फ्रिजने वाचवलेलं सगळं पंखाच फस्त करील.

फ्रिज पश्चिमेच्या भिंतीला टेकवलेला असेल तर हलवा. मागे आणि दोन्ही बाजूंना वीतभर मोकळी जागा हवी, कारण काही फ्रिजमध्ये जाळी बाजूच्या पत्र्याआड असते. हात लावला की बाजू गरम लागतात. धूळ बसू नये म्हणून वरून चादर घालणाऱ्यांनी तर ती आजच काढावी. गाडी बाहेरून आली की तासभर उघड्यावरच उभी करा. तापलेलं इंजिन त्या खोलीत शेगडीचं काम करतं.

उत्तरायण आटोपली की प्लग काढून मऊ ब्रशने जाळी झाडायची सवय ठेवा. गॅरेजमधली धूळ आणि कोळिष्टकं तिथे घट्ट बसतात. दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लावा आणि नोट ओढून बघा. सहज निघाली तर रबर बदलायला झालं.

पेट्रोलचा कॅन मात्र त्या खोलीत अजिबात नको. जुन्या फ्रिजच्या रिलेत ठिणगी पडते, आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत, नेमकी कॉम्प्रेसरच्या उंचीला साचते.

आणि पावसाळ्याचंही बघा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरभर शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या वस्तू आधी बुडाल्या. तुमची गल्ली सखल असेल तर फ्रिज पक्क्या ओट्यावर चढवा आणि प्लगचा सॉकेट कमरेच्या वर घ्या. एकदा पाण्यात बुडालेला फ्रिज वरून सुकलेला दिसला तरी इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय प्लग लावू नका.