मनाली-लेह मार्गावरील कुरणे

सह्याद्रीच्या परिसरात वाढलेल्या माणसास गवताचे अप्रूप नसते. मृगाच्या चार सरी पडल्या की उघडा माळ हिरवा होतो आणि गुरांनी तुडवलेली वाटही पाहता पाहता झाकून जाते. त्यामुळे गवत ही सृष्टीने फुकट दिलेली वस्तू होय, असा आपला समज होऊन बसतो. मनाली ते लेह हा सुमारे ४३० किलोमीटरांचा मार्ग स्वतः मोटार हाकीत ओलांडला, तेव्हा माझा हा समज दूर झाला.

आम्ही जुलै महिन्यात निघालो. मनालीस पाऊस होता आणि डोंगर देवदारांनी झाकलेले होते. रोहतांग खिंडीखालून जाणारा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला. त्याची लांबी ९.०२ किलोमीटर आहे. आत शिरताना पाऊस आणि बाहेर पडताना कोरडे, उघडे पर्वत! नैऋत्य मोसमी वारे आपले बहुतेक पाणी पीर पंजालच्या दक्षिण उतारावर रिते करतात. पलीकडचा लाहौल पर्जन्यछायेत राहतो. घाटमाथ्यावर धो धो पाऊस आणि पूर्वेच्या पठारावर टंचाई, हे आपण घरीच पाहतो. कारण तेच आहे. पुढे लेह येथे तर वर्षभरात जेमतेम १० सेंटिमीटर पाऊस पडतो.

केलाँगच्या पुढे जिस्पा येथे आम्ही दोन रात्री राहिलो. हा आळस नव्हे. ५,००० मीटरांच्या वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो आणि प्रत्येक श्वासात प्राणवायूही तितकाच कमी येतो. शरीराला सवय होण्यास अवधी दिला नाही, तर डोके दुखते, मळमळते. दुखणे वाढल्यास जिवावरही बेतते. त्यावर खाली उतरणे हाच खरा उपाय होय. म्हणून दिवसा उंच चढावे, पण रात्री खाली झोपावे, हा तेथील शहाणपणाचा नियम आहे.

तिसऱ्या दिवशी पहाटेच निघालो. उन्हाने बर्फ वितळते आणि दुपारनंतर रस्ता ओलांडणारे ओढे फुगतात. सकाळी ते शांत असतात. बारालाचा ला ही सुमारे ४,८९० मीटर उंचीची खिंड ओलांडून सर्चू गाठले. ‘ला’ म्हणजे खिंड. मग गाटा येथील एकवीस वळणे आली. गाडी पहिल्या-दुसऱ्या गियरमध्येच चढत होती. आणखी दोन खिंडी मागे टाकून पांगच्या वर आलो, तो डोंगर एकाएकी दूर सरले आणि समोर मोरे मैदान पसरले.

सुमारे ४,७०० मीटर उंचीवरचे हे पठार जवळजवळ ४० किलोमीटर लांब आहे. दुरून ते पिवळसर हिरवे दिसते. जवळ जावे तो बोटभर उंचीचे विरळ झुबके! उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत जे वाढेल, तेवढेच. त्यावर चांगपा पशुपालकांच्या शेळ्या, मेंढ्या आणि याक जगतात. कियांग नावाची रानगाढवेही त्यावरच. कडाक्याच्या थंडीमुळे शेळ्यांच्या अंगावर जी मऊ लोकर येते, तीच पश्मिना. जगभर नावाजलेल्या शालीचे मूळ असे या बोटभर गवतात आहे.

दूर कियांगांचा कळप चरत होता. गाडी गवतावरून थोडी जवळ न्यावी, असे सोबत्यांनी सुचवले आणि मीही स्टिअरिंग वळवले होते. तेवढ्यात समोर दोन लांब पट्टे दिसले. कोणाची तरी गाडी पूर्वी तिकडून गेली होती. चाकांखाली दबलेल्या त्या जमिनीवर एकही पाते उगवले नव्हते. मी गाडी थांबवली. आम्ही रस्त्याच्या कडेवरूनच कियांग पाहिले.

संध्याकाळी ५,३२८ मीटर उंचीची तांगलांग ला ओलांडून सिंधूच्या काठाने लेहला पोहोचलो. विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी पुष्कळ जण उद्या स्वतःच्या वाहनाने त्या वाटेने जातील. अवश्य जा. मात्र तेथील गवत आपल्या माळावरच्यासारखे पुढच्या पावसात परत येत नाही, हे ध्यानात ठेवा आणि रस्ता सोडू नका.