कैसराचें नाणें कसें ओळखावें?

रोमी नाण्याच्या एका बाजूस बहुधा कैसराचा मुखवटा व त्याभोंवतीं लाटिन लेख असतो. लेखांतील नांव प्रथम वाचावें. मग नाणें उलटावें. वेस्पासियन कैसरानें इ. स. ७१ त पाडलेल्या कित्येक कांशाच्या नाण्यांवर खजुरीचें झाड, त्याखालीं शोक करीत बसलेली स्त्री, व 'यहूदीया जिंकिला' अशा अर्थाचे शब्द आढळतात. खालचीं 'एस. सी.' हीं अक्षरें रोमच्या वरिष्ठ सभेच्या ठरावाची खूण होत. आदल्याच वर्षीं, इ. स. ७० त, यरुशलेमाचा नाश झाला होता. ज्या नगराच्या नाशाची कैसरानें प्रौढी मिरविली, त्याच नगरासाठीं आपला प्रभु रडला होता (लूक १९:४१). प्रिय वाचकहो, आपला वैरी पडला असतां आपल्या अंतःकरणावर कोणाचा मुखवटा दिसतो?