सर, पुढे काय घेऊ?

मुलांनो, लोणावळ्याहून पुण्याकडे जाणाऱ्या सकाळच्या लोकलने तुम्ही कधी प्रवास केला आहे काय? देहूरोड मागे पडून आकुर्डी, चिंचवड, पिंपरी, कासारवाडी ही स्थानके येऊ लागली की डब्यातील माणसे भराभर उतरू लागतात. कोणाच्या अंगात कारखान्याचा गणवेश, कोणाच्या गळ्यात ओळखपत्र, बहुतेकांच्या हातात जेवणाचा डबा. त्यांत कोणी यंत्र चालविणारा, कोणी हिशेब लिहिणारा, तर कोणी औषधांची परीक्षा करणारी असते. ही सारी माणसे एके काळी तुमच्यासारखीच वर्गातील बाकावर बसत होती. मी मुख्याध्यापक असताना दहावीचा निकाल लागला म्हणजे जो प्रश्न माझ्या कानी येई, तोच त्यांच्यापुढेही उभा राहिला असेल : "सर, पुढे काय घेऊ?"

ह्या प्रश्नाचे उत्तर आपणांस ठाऊक आहे, असे मी पुष्कळ वर्षे मानीत होतो. तो समज कसा दूर झाला ते पुढे सांगेन. आधी ह्या परिसराकडे पाहू.

सत्तर-पाऊणशे वर्षांपूर्वी पिंपरी, आकुर्डी, भोसरी ही लहान खेडी होती. चिंचवडची ओळख मोरया गोसावींच्या समाधीमुळे व चापेकर बंधूंमुळे, तर चाकणची संग्रामदुर्गामुळे आणि कांद्याच्या बाजारामुळे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले. मग मोटारी, स्कूटर, यंत्रे, सुटे भाग यांचे कारखाने आले आणि कालांतराने ही वाढ चाकणपर्यंत जाऊन पोहोचली. जेथे बैलगाड्या चालत तेथे मालमोटारींच्या रांगा लागल्या.

पेनिसिलिनचेच उदाहरण घ्या. अलेक्झांडर फ्लेमिंग या शास्त्रज्ञास १९२८ साली लंडन येथे एका बुरशीपासून ह्या द्रव्याचा शोध लागला. ते मोठ्या प्रमाणावर हवे असेल, तर ती बुरशी प्रचंड पोलादी टाक्यांत वाढवावी लागते. तिला खाद्य हवे, ठरावीक उष्णता हवी, आणि हवाही हवी. पण ती निर्जंतुक. नको असलेल्या जंतूंचा टाकीत शिरकाव झाला, तर सारी मेहनत वाया जाण्याचा संभव! बुरशीचा स्वभाव जाणणारा जीवशास्त्राचा अभ्यासक, द्रवातून औषध वेगळे काढणारा रसायनज्ञ, टाकीतील रवी फिरती ठेवणारा यंत्रज्ञ, नळांचे सांधे घट्ट बसविणारा जोडारी, वीज सांभाळणारा तारतंत्री, खर्चाचा मेळ घालणारा हिशेबनीस, इतक्यांचे हात एका लहानशा बाटलीला लागतात. बाटलीवरच्या चिठ्ठीत औषधाची मात्रा चुकीची लिहिली गेली, तर भाषेतील चूक रोग्याच्या जिवावर बेतेल. तेव्हा यांतला कोणता विषय हलका आणि कोणता भारी, हे तुम्हीच मला सांगा.

टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, येथील कारखाना १९६६ च्या सुमारास उभा राहू लागला. त्याची उभारणी करणारे सुमंत मूळगावकर यंत्र-अभियांत्रिकी शिकले होते. परंतु प्रारंभीची त्यांची कितीतरी वर्षे सिमेंटच्या उद्योगात गेली. मालमोटारींकडे ते नंतर वळले. येथील उजाड माळावर त्यांनी हजारो झाडे लावविली, तळेही करविले. 'सुमो' ह्या गाडीचे नाव त्यांच्याच नावातील आणि आडनावातील आद्याक्षरे घेऊन ठेवलेले आहे, ही गंमत तुमच्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

ह्याच कंपनीची १९७४ सालची एक जाहिरात बंगळूर येथे शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने वाचली. अभियंते पाहिजेत, पण स्त्रियांनी अर्ज करू नयेत, असा तिचा आशय होता. ह्या मुलीचे नाव सुधा कुलकर्णी. पुढे त्या सुधा मूर्ती या नावाने लेखिका म्हणून प्रसिद्ध झाल्या. हुबळीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आपल्या वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या. जाहिरात वाचून त्यांना राग आला. त्यांनी एक साधे पोस्टकार्ड घेतले आणि थेट जे. आर. डी. टाटा यांना लिहून ह्या भेदभावाविषयी जाब विचारला. टेल्कोचे अध्यक्ष त्या वेळी मूळगावकर होते, हेही त्यांना माहीत नव्हते! थोड्याच दिवसांत मुलाखतीसाठी पुण्यास येण्याची तार आली, आणि यंत्रशाळेत काम करणाऱ्या टेल्कोच्या पहिल्या स्त्री-अभियंता म्हणून त्यांची निवड झाली. आज ह्या पट्ट्यातील कारखान्यांत मोटारींची जुळणी करणाऱ्या मुली दिसतात, त्याचे कोणास नवल वाटत नाही.

आता माझी चूक सांगतो. चाकणजवळच्या एका खेड्यातील एक मुलगा आमच्या शाळेत होता. गणितात त्याला उत्तम गुण मिळत. पण त्याचा जीव रमे तो विहिरीवरच्या मोटारीत. गावात कोणाची मोटार बंद पडली की ह्याला बोलावणे येई. दहावीनंतर त्याचे वडील त्याला घेऊन माझ्याकडे आले. मुलगा खाली मान घालून म्हणाला, "सर, आयटीआयला जावं म्हणतो." मी त्याला पुढे बोलूच दिले नाही. "एवढे गुण मिळवून पान्हे हातात घेणार? विज्ञान शाखेलाच जा," असे मी बजावले. वडील म्हणाले, "गुरुजी, तुम्ही म्हणाल तसं."

बारावीत तो नापास झाला. त्यानंतर दोन वर्षे रस्त्यात मला पाहिले की तो वाट बदली. मी समोर गेलो नाही, हेही सांगितले पाहिजे.

अखेर त्याने आपल्या मनानेच आयटीआय गाठली. तेथे दोन वर्षे जोडारीकाम शिकला, मग शिकाऊ उमेदवार म्हणून विद्यावेतनावर एका कारखान्यात राहिला. आयटीआय झालेल्यास पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो. त्या वाटेने तो पदविकाही झाला. आज भोसरीस त्याचे स्वतःचे वर्कशॉप आहे. जे गणित बारावीच्या पुस्तकात त्याला नकोसे झाले होते, तेच तेथे तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत सांभाळतो. माझ्या शब्दापायी त्याची दोन वर्षे गेली. त्याने मात्र त्याचा कधी उच्चार केला नाही.

गेल्या उन्हाळ्यात तो आपल्या मुलीला घेऊन घरी आला. "सर, हिला इंजिनीअर करायचंय. ही ऐकत नाही. तुम्ही जरा समजावून सांगा." मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. मग त्याला चहा देऊन ओसरीवर बसविले आणि मुलीला आत बोलावून विचारले, "बाळ, तुला काय आवडते?"

प्रथम ती बोलेना. मग हळूहळू म्हणाली, "आजोबा, आम्ही चाकणचा किल्ला बघायला गेलो होतो. फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० मध्ये तो पन्नासहून जास्त दिवस लढवला ना? तट पडून गेलाय, खंदक बुजलाय. तो तेव्हा केवढा होता, ते मला मोजून काढायचंय. त्याला काय शिकावं लागतं?"

इतिहास, भूगोल, भूमिती, चित्रकला, थोडी मोडी लिपी, अशी नावे मी घेत गेलो आणि ती वहीत लिहीत गेली. पुढे काय व्हायचे ते तिचे अद्याप ठरलेले नाही. मीही ठरवून दिले नाही. तिने ती वही बाहेर नेऊन वडिलांना दाखविली. त्याने ती दोनदा वाचली. नंतर खिशातून आपला मोजपट्टीचा टेप काढला आणि "हा पाच मीटरचा आहे, तुला पुरणार नाही," असे म्हणत तिच्या हातावर ठेवला.