सिमला : सपाट जागेचें मोल

सिमला हें नांव आपल्यापैकीं पुष्कळांच्या कानीं प्रथम पडतें तें मंडईंत, ढोबळ्या मिरचीच्या पाटीपाशीं. पुढें भूगोलाच्या पुस्तकांत ‘थंड हवेचें ठिकाण’ एवढ्या तीन शब्दांत त्या शहराची बोळवण होते. आम्हांस आज विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें जी गोष्ट मांडावयाची आहे ती थंड हवेची नव्हे. डोंगराच्या धारेवर वसलेलें शहर झपाट्यानें वाढूं लागलें म्हणजे तेथील रहिवाशांस कोणत्या अडचणी येतात, व त्या अडचणींचें मूळ कशांत आहे, हें सिमल्याच्या उदाहरणावरून फार स्पष्ट दिसतें.

आपल्या महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १,६४६ मीटर. सिमला समुद्रसपाटीपासून सुमारें २,२०० मीटरांवर आहे. म्हणजे आपलें शिखर जेथें संपतें, त्याच्याही अर्धा कोसभर नव्हे, तरी साडेपांचशें मीटर वर तेथील लोकांचे बाजार, शाळा व कचेऱ्या आहेत. इ. स. १८६४ मध्यें ब्रिटिश सरकारनें हें गांव उन्हाळ्यांतील राजधानी ठरविलें. १९०३ मध्यें कालक्याहून अरुंद रुळांची रेल्वे वर आली. आणि आतां तें हिमाचल प्रदेशाची राजधानी आहे. १९०१ च्या खानेसुमारींत तेथें १३,९६० माणसें होतीं, २०११ मध्यें १,६९,५७८ झालीं. मधल्या काळांत शहराची हद्द वाढली हें खरें. डोंगर मात्र वाढला नाहीं. शिवाय उन्हाळ्यांत व बर्फ पडण्याच्या दिवसांत जे प्रवासी लोटतात ते ह्या हिशेबांत धरलेलेच नाहींत.

सिमल्यांत सपाट म्हणण्याजोगी मोकळी जागा पाहावयाची तर ‘रिज’ नांवाच्या पठारवजा चौकांत जावें. ही धार म्हणजे एक पाणलोट आहे. तिच्या एका अंगास पडलेलें पावसाचें पाणी सतलजेस मिळून अखेरीस अरबी समुद्राकडे जातें, व दुसऱ्या अंगाचें यमुना-गंगेच्या वाटेनें बंगालच्या उपसागरास मिळतें. बाकी सारें शहर उतारावर टांगलेलें आहे. कित्येक घरांत रस्त्यावरून पाऊल टाकावें तें थेट वरच्या मजल्यावर, आणि स्वयंपाकघर गांठावयाचें तर जिना उतरून खालीं जावें लागतें! जुन्या बाजारपेठेच्या माल रोडवर सामान्य रहदारीच्या गाड्यांस मज्जाव असल्यामुळें जड सामान हमालांच्या पाठीवरून चढतें. म्हाताऱ्या माणसांस भाजी आणणें हेंही तेथें श्रमाचें काम आहे.

जागा नाहीं म्हणून लोक उतार कापतात, निघालेली माती खालच्या अंगास लोटतात, व अशा भरावावर चार-चार, पांच-पांच मजले चढवितात. भराव हा मूळच्या खडकासारखा पक्का नसतो. त्यांत पावसाचें पाणी मुरलें कीं त्याचें वजन वाढतें आणि मातीच्या कणांची परस्परांवरील पकड सुटते. १४ ऑगस्ट १९४७ ह्या दिवसाचें स्मरण आपणांस निराळ्या कारणानें असतें. सिमलेकरांस १४ ऑगस्ट २०२३ हा दिवस विसरतां यावयाचा नाहीं. त्या सकाळीं समर हिल भागांत दरड कोसळून तेथील शिवमंदिर गडप झालें व २० माणसें प्राणांस मुकलीं. जवळच रेल्वेच्या रुळांखालची माती वाहून जाऊन रूळ अधांतरीं लोंबूं लागले.

आतां विमानतळाकडे वळूं. गांवांत सपाट जागा नाहीं, म्हणून शहरापासून वीसएक किलोमीटरांवर जुब्बडहट्टी येथें डोंगराचा माथा तासून तो केला आहे. त्याची उंची सुमारें १,५५० मीटर असून धांवपट्टी अवघी १,२३० मीटर लांब आहे. मुंबईची मुख्य धांवपट्टी सुमारें ३,४०० मीटर आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे सिमल्याची पट्टी किती तोकडी तें कळून येईल. दोन्ही टोकांस दरी. मेजाच्या कडेवरून खालीं पाहावें तसा देखावा.

येथें पदार्थविज्ञानाचा एक धडा आहे. विमानास उचलून धरतें तें पंखांभोंवतीं वाहणारी हवा. जुब्बडहट्टीच्या उंचीवर हवा समुद्रकांठच्या मानानें सुमारें सातव्या हिश्श्यानें विरळ असते, आणि उन्हानें ती आणखी विरळ होते. विरळ हवेंत तेवढाच उचल मिळण्यास वेग अधिक हवा. वेग अधिक हवा तर धांव अधिक हवी. इंजिनाचा जोर मात्र त्याच विरळ हवेमुळें कमी पडतो. धांवपट्टी तर वाढत नाहीं. मग एकच उपाय उरतो, तो वजन कमी करण्याचा. म्हणून दिल्लीहून येतांना विमानांत जितके उतारू बसूं शकतात, त्यापेक्षां पुष्कळच थोडे परत जातांना घेतां येतात. रिकाम्या बैठका घेऊन उडणाऱ्या विमानाचा खर्च कोण सोसणार? २०१२ मध्यें येथील नियमित विमानें बंद पडलीं, तीं २७ एप्रिल २०१७ रोजीं सरकारच्या ‘उडान’ योजनेखालीं, म्हणजे तिजोरीच्या साहाय्यानें, पुन्हा सुरू झालीं.

धांवपट्टी लांब कां करूं नये, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारील. करतां येईल, परंतु त्यासाठीं डोंगराचा आणखी भाग कापून दरींत भर घालावी लागेल, आणि भरावाचा स्वभाव वर सांगितलाच आहे. हॉटेलवाल्यांस मोठीं विमानें हवींत, तें साहजिक आहे. आजारी माणसास मैदानांतील मोठ्या रुग्णालयांत तातडीनें न्यावयाचें असतां घाटाच्या रस्त्यानें चंडीगड गांठण्यास कित्येक तास लागतात, ही अडचण तर कोणीही हलकी मानूं नये. तरीही आम्हांस वाटतें कीं, दार रुंद करण्यापूर्वीं घरांत पाणी किती आहे तें पाहिलें पाहिजे.

कारण डोंगरमाथ्यावरील ह्या शहरास स्वतःची मोठी नदी नाहीं. गुम्म्यासारख्या खालच्या ठिकाणांहून हजार मीटरांहून अधिक उंचीवर पंपांनीं टप्प्याटप्प्यानें पाणी चढवावें लागतें. २०१८ च्या मे-जून महिन्यांत ओढे आटले. कित्येक वस्त्यांस आठवडाभर नळाचें पाणी मिळालें नाहीं, लोक रात्रीबेरात्रीं कळशा-बालद्या घेऊन टँकरपाशीं उभे राहिले, सरकारी शाळा कांहीं दिवस बंद ठेवाव्या लागल्या, आणि प्रवाशांनीं तूर्त येऊं नये अशी विनंती खुद्द नागरिक करूं लागले. ज्यांच्या येण्यावर गांवाचें पोट चालतें त्यांसच ‘येऊं नका’ म्हणण्याची पाळी आली! त्यानंतर सतलजेचें पाणी वर आणण्याची मोठी योजना हातीं घेण्यांत आली.

इमारतींविषयींचा वादही न्यायालयांत गेला. २०१७ मध्यें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें दोन मजले व माळा एवढीच मर्यादा घातली. जानेवारी २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय रद्द करून २०४१ पर्यंतच्या विकास-आराखड्यास वाट मोकळी करून दिली. आराखडा कागदावर कसाही असो, जेथें उतार ४५ अंशांहून अधिक आहे तेथें पाया घालणाऱ्यानें आधीं पावसाच्या पाण्याचा निचरा कोठून होणार तें ठरवावें, हें सांगण्यास न्यायालयाची गरज नसावी.

रेल्वेचे ते लोंबते रूळ पुढें दुरुस्त झाले. शंभरावर बोगद्यांतून वळणें घेत, १९०३ सालच्या त्याच अडीच फुटी मार्गावरून गाडी कालक्याहून सुमारें पांच तासांत वर पोहोंचते. तिच्यांत बसलेल्या उतारूंचें वजन मात्र कोणी मोजीत नाहीं.