वायरलेस कसा दुरुस्त केला

आपल्या घरचा रेडिओ फक्त ऐकायचा असतो. समुद्रात जाणाऱ्या लाँचवर वायरलेस असतो. त्यावर बोलताही येते. बटण दाबून बोलायचे, सोडून ऐकायचे. दोन्ही एकदम होत नाही.

माझे काका वायरलेस दुरुस्त करतात. परवा एक तांडेलमामा सेट घेऊन आले. म्हणाले, "ऐकू येतं, पण बटण दाबलं की सेट बंद पडतो."

काकांनी सेट लगेच उघडला नाही. दुकानातल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावून पाहिला. तिथे तो नीट चालला. म्हणजे दोष सेटात नव्हता! मग आम्ही लाँचवर गेलो. काकांनी मीटर लावला. मी बटण दाबले. बॅटरीवर १२ व्होल्ट राहिले, पण सेटाजवळ ८ झाले. मधली वायर पाहिली, तर खाऱ्या हवेने जोडावर हिरवा कळंक चढलेला.

असे का झाले? ऐकायला १ अँपिअरहून कमी वीज लागते. २५ वॅटवर बोलायला ५ अँपिअरच्या आसपास लागते. बुजलेल्या नळातून तांब्या भरतो, हौद भरत नाही, तसेच हे.

काकांनी खराब वायर कापली, नवा जोड दिला, वर ग्रीस लावले. सेट बोलू लागला.

लक्षात ठेवा :
१. आधी बॅटरी, वायर व एरियल पाहावी.
२. एरियल जोडल्याशिवाय बोलायचे बटण दाबू नये. सेट जळू शकतो.
३. १६ नंबरचे चॅनल संकटात हाक मारण्यासाठी असते. तिथे गप्पा मारू नयेत.

वादळात सेट बंद पडला तर मदत कशी मागणार? म्हणून लाँच सुटण्याआधीच तपासावे.

— इयत्ता ४ थी