तारण एकदा मिळालं की गमावता येतं का?



सण शिकवताना आपण नाताळला तारा, गोठा आणि केक यापाशी थांबतो. पण वर्गात ख्रिस्ती मूल असेल तर कधीतरी प्रश्न येतो, "मी खोटं बोललो, तर येशू मला सोडून देईल का?" मूल घाबरून विचारत असतं. म्हणून चटकन "हो" किंवा "नाही" म्हणण्याआधी यामागचं थोडं माहीत असलेलं बरं.

आधी शब्द. तारण म्हणजे इथे कर्जासाठी ठेवतो ते तारण नव्हे. पापाच्या दंडातून सुटका आणि देवाशी जुळलेलं नातं, असा त्याचा अर्थ. ते देवाच्या कृपेने सुरू होतं, यावर प्रमुख पंथांचा वाद नाही. वाद पुढचा आहे. मिळालेलं हे तारण पापामुळे किंवा विश्वास सोडल्यामुळे जातं का?

हा प्रश्न पुस्तकात नाही, लोकांच्या जगण्यात पेटला. इ.स. २५० च्या सुमारास रोमन सम्राट डेसियसने हुकूम काढला की सर्वांनी रोमच्या देवांना बळी अर्पण करावा आणि तसा दाखला घ्यावा. हो, अक्षरशः दाखला, साक्षीदारांच्या सहीसह! पपायरसवर लिहिलेले असे चाळीसहून जास्त दाखले इजिप्तमध्ये सापडले आहेत. काही ख्रिस्ती लोक तुरुंगात गेले, काही मेले. अनेकांनी भीतीने बळी दिला. काहींनी बळी न देताच पैसे भरून दाखला मिळवला. छळ थांबल्यावर हे सगळे रडत मंडळीच्या दाराशी आले. आता यांचं काय करायचं?

रोममधला नोव्हेशियन म्हणाला, देव क्षमा करील तर करो, मंडळीने यांना परत घेऊ नये. कार्थेजचा (आजच्या ट्युनिशियातला) बिशप सिप्रियन याने मधली वाट काढली. ज्यांनी फक्त दाखला विकत घेतला, त्यांना पश्चात्तापानंतर घ्यावं. ज्यांनी प्रत्यक्ष बळी दिला, त्यांचं प्रायश्चित्त लांब चालावं. मला सिप्रियनची बाजू पटते. चूक किती मोठी हे तो बघतो, पण दार बंद करत नाही. पुढे २५८ मध्ये त्याने स्वतः विश्वासासाठी प्राण दिले, त्यामुळे त्याचं म्हणणं सोयीचं होतं असंही म्हणता येत नाही.

युरोपात सोळाव्या शतकात हा वाद पुन्हा उफाळला. कॅथलिक मंडळीने १५४७ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत सांगितलं की विश्वास सोडल्यानेच नव्हे, तर कोणत्याही गंभीर पापानेही कृपा गमावते, विश्वास शिल्लक असला तरी. पण पापनिवेदनाने (गोव्यात त्याला कुमसार म्हणतात) परतता येतं. हॉलंडमध्ये आर्मिनियसच्या अनुयायांनी १६१० मध्ये पाच कलमं मांडली. गंमत म्हणजे विश्वासणारा कायमचा ढळू शकतो का, याबद्दल त्यांनी पाचव्या कलमात म्हटलं की शास्त्र आणखी तपासायला हवं. १६१८-१९ च्या डॉर्टच्या सभेने मात्र ठाम उत्तर दिलं. देवाने निवडलेला माणूस दावीद किंवा पेत्रासारखा वाईट पडेल, पण देव त्याला पूर्ण सुटू देणार नाही. पुढे मेथडिस्टांचा जॉन वेस्ली १७५१ मध्ये याच्या उलट लिहून गेला.

दोन्ही बाजू बायबलवरच उभ्या आहेत. एक बाजू योहानाच्या दहाव्या अध्यायाकडे बोट दाखवते, मेंढरांना मेंढपाळाच्या हातून कोणी हिसकावू शकत नाही. दुसरी इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायाकडे. तिथे प्रकाश मिळूनही मागे फिरलेल्यांना कडक इशारा आहे.

आपल्या भाषेत सांगायचं तर वाद हजेरी आणि पट यांचा आहे. डॉर्टवाले म्हणतात, गैरहजेरी लागेल, शिक्षाही होईल, पण नाव पटावर राहील. जो कायमचा गेला, त्याचं नाव मुळात चढलंच नव्हतं. बाकीचे म्हणतात, नाव कमी होऊ शकतं, पण परत आला तर पुन्हा दाखल होतो. उदाहरण लंगडं आहे, कारण पट शाळेचा असतो आणि तारण हे नातं आहे. तरी मुलांना समजतं.

महाराष्ट्रातही हे सगळे धागे आहेत. वसईत कॅथलिक परंपरा आहे. अहिल्यानगरकडे अमेरिकन मराठी मिशनची मंडळी, त्यांचं मूळ डॉर्टच्या विचाराजवळचं. आणि १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा प्रेस्बिटेरियन आणि मेथडिस्टांचा एक भाग एकाच छताखाली आले. म्हणजे शेजारी बसणाऱ्या दोन कुटुंबांचं उत्तर वेगळं असू शकतं.

त्यामुळे मुलाने विचारलं, तर पंथाचा निकाल आपण देऊ नये. तो फादर, पाळक आणि आईबाबांकडे सोपवावा. आपण लूकच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला गोष्ट म्हणून सांगू शकतो. मुलगा पैसे उडवून परततो आणि बाप त्याला लांबूनच पाहून धावतो. वर बघितलेल्या कॅथलिक, डॉर्ट आणि मेथडिस्ट, तिघांनाही ही गोष्ट मान्य आहे. आणि "खोटं बोललास तर देव तुला टाकून देईल" हे वाक्य शिस्तीसाठी वर्गात किंवा घरी वापरत असाल, तर ते आजपासून बंद करा.