बोरिस नेम्त्सोव्ह : सुधारक ते विरोधक
(तृतीय वर्ष कला, राज्यशास्त्र)

यंदा आमच्या राज्यशास्त्र अभ्यास मंडळात 'सत्ता आणि सुधारणा' या विषयावर निबंध वाचायचे ठरले. मी रशियाचे बोरिस नेम्त्सोव्ह निवडले. वाचन संपल्यावर एका मित्राने विचारले, "सत्ता गेल्यावर लोकशाहीची आठवण झालेला माणूस. त्यात थोर ते काय?" त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर होय.

नेम्त्सोव्ह यांचा जन्म ९ ऑक्टोबर १९५९ रोजी काळ्या समुद्राकाठच्या सोची येथे झाला. शिक्षण झाले ते व्होल्गाकाठच्या गॉर्की शहरात, म्हणजे आजच्या निझनी नोव्हगोरोदमध्ये. परकीयांना हे शहर बंद होते आणि म्हणूनच शास्त्रज्ञ आंद्रेई साखारोव्ह यांना १९८० ते १९८६ या काळात तेथे स्थानबद्ध ठेवले गेले. नेम्त्सोव्हही भौतिकशास्त्रज्ञच. १९८५ साली त्यांनी डॉक्टरेटच्या तोडीची पदवी मिळविली. पुढचे आयुष्य प्रयोगशाळेत गेले असते. पण १९८६ मध्ये चेर्नोबिलचा अपघात झाला. त्याच सुमारास गॉर्की शहराला उष्णता पुरविणारे अणुकेंद्र उभारले जात होते. नागरिकांनी विरोध सुरू केला आणि त्यात हा तरुण शास्त्रज्ञ पुढे आला. शेवटी तो प्रकल्प सोडून द्यावा लागला. त्यांच्या राजकारणाचा आरंभ असा सरकारला 'नाही' म्हणण्यातून झाला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

१९९० साली ते रशियन प्रजासत्ताकाच्या संसदेवर निवडून गेले. ऑगस्ट १९९१ च्या बंडाच्या वेळी ते येल्त्सिन यांच्या बाजूने उभे राहिले. त्याच वर्षी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, निझनी नोव्हगोरोदचे गव्हर्नरपद त्यांच्याकडे आले. सरकारी दुकाने लिलावाने विकणे, सामुदायिक शेतांची जमीन शेतकऱ्यांत वाटणे असे प्रयोग तेथे झाले. मार्गारेट थॅचर १९९३ मध्ये ते पाहायला आल्या होत्या. डिसेंबर १९९५ मध्ये नेम्त्सोव्ह त्याच पदावर लोकांच्या मतांनी निवडून आले.

१९९६ च्या आरंभी त्यांनी चेचन्यातील युद्धाविरुद्ध आपल्या प्रांतातून दहा लाख सह्या गोळा करून येल्त्सिन यांच्यापुढे ठेवल्या. ज्यांच्या कृपेने पद मिळाले त्यांनाच विरोध, आणि तोही पदावर असताना! माझ्या मित्राच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथेच मिळते.

मार्च १९९७ मध्ये ते प्रथम उपपंतप्रधान झाले. येल्त्सिन यांचे वारस म्हणून त्यांचे नाव घेतले जाऊ लागले. सरकारी अधिकाऱ्यांनी परदेशी गाड्या सोडून देशी 'व्होल्गा' वापरावी, असा आग्रह त्यांनी धरला. तो फार दिवस टिकला नाही. सरकारी मालमत्ता मूठभर धनिकांच्या घशात जाऊ नये म्हणून दूरध्वनी कंपनीच्या लिलावात त्यांनी कडक भूमिका घेतली. त्यामुळे ज्यांच्या हाती वृत्तपत्रे व दूरचित्रवाणी होती तेच धनिक शत्रू बनले. १७ ऑगस्ट १९९८ रोजी रशियाने कर्जफेड थांबविली, रूबल कोसळला, सामान्यांची बचत मातीमोल झाली. नेम्त्सोव्ह यांनी राजीनामा दिला. पण 'सुधारणा' हा शब्द रशियन माणसाला शिवीसारखा वाटू लागला. हा दोष एकट्याचा नसला, तरी त्यातून त्यांची पूर्ण सुटका करता येईल असे मला वाटत नाही.

दुसरी चूक अधिक मोठी. १९९९ मध्ये त्यांच्या 'उजव्या शक्तींच्या संघा'ला २९ जागा मिळाल्या. या पक्षाने पुतिन यांना पाठिंबा दिला. खुद्द नेम्त्सोव्ह यांनीही २००० च्या आरंभी परदेशी वृत्तपत्रात त्यांना अनुकूल असा लेख लिहिला. आपण माणूस ओळखण्यात चुकलो, हे उमगायला त्यांना फार काळ लागला नाही. २००३ मध्ये पक्ष पाच टक्के मतांची मर्यादाही गाठू शकला नाही.

येथून त्यांची खरी परीक्षा सुरू होते. उपपंतप्रधान राहिलेला हा माणूस २००९ मध्ये सोचीच्या महापौरपदाला उभा राहिला आणि हरला. २०११-१२ मध्ये निवडणुकांतील गैरप्रकारांविरुद्धच्या मोर्चांत चालला, तुरुंगात गेला. २०१३ मध्ये यारोस्लाव्हलच्या प्रांतिक विधानसभेचा साधा सदस्य झाला. पदांची शिडी ते उतरत होते, पण काम सोडत नव्हते. सरकारचा कारभार आतून पाहिलेला असल्याने कोणत्या आकड्यामागे काय दडले आहे हे त्यांना कळे. त्यांनी पुस्तिका काढून लोकांत वाटल्या. सोचीच्या हिवाळी ऑलिंपिकमधील पैशांच्या अफरातफरीवरची त्यांतलीच एक. २०१४ मध्ये क्रिमिया घेतल्यावर देशभर जयजयकार चालू असताना त्यांनी उघड विरोध केला.

२७ फेब्रुवारी २०१५ च्या रात्री क्रेमलिनच्या भिंतीसमोरील पुलावर त्यांना पाठीमागून गोळ्या घालण्यात आल्या. दोनच दिवसांनी ते ज्या मोर्चात चालणार होते, तो शोकयात्रा झाला. युक्रेनमधील युद्धावरची त्यांची अपुरी पुस्तिका सहकाऱ्यांनी मे महिन्यात प्रसिद्ध केली. २०१७ मध्ये पाच जणांना शिक्षा झाली. पण हत्या कोणी करविली, हे न्यायालयापुढे आले नाही. त्या पुलावर लोक फुले ठेवतात, ती हटविली जातात, पुन्हा कोणीतरी आणून ठेवते.

आता मित्राला सांगतो : नेम्त्सोव्ह सत्तेत असताना चुकले, आणि माणसे पारखण्यातही चुकले. परंतु सत्ता गेल्यावर त्यांना परदेशी जाऊन सुखाने राहता आले असते, किंवा गप्प बसून एखादे पद पदरात पाडून घेता आले असते. त्यांनी दोन्ही केले नाही. सत्तेत असताना सह्या गोळा करणारा आणि सत्ता गेल्यावर पुस्तिका वाटणारा माणूस एकच होता. आपल्या पाठ्यपुस्तकात विरोधी पक्षाची कार्ये क्रमांक घालून दिलेली आहेत. परीक्षेत मी ती बिनचूक लिहितो. त्यासाठी काय मोजावे लागते, हे मात्र मला या एका चरित्राने शिकविले.